संधी न मिळालेला गोलंदाज



गेल्या आठवड्यात एक आई भेटायला आली होती. मुलगा काही वर्षे स्पर्धा परीक्षा देत होता. दोनदा मुलाखतीपर्यंत पोहोचला, पण यादीत नाव आले नाही. आता वयाची मर्यादाही संपली. ती म्हणाली, "फादर, पोराची एवढी वर्षं फुकट गेली का हो?" मी काहीतरी धीराचे बोललो. ती गेल्यावर मला पद्माकर शिवलकर आठवले.

आपल्या सांगलीत जन्मलेले विजय हजारे भारताचे कर्णधार झाले. १९५२ साली मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. त्यांचे नाव आज स्पर्धेला आहे. शिवलकरांचे नाव मात्र जुन्या क्रिकेटवेड्यांनाच ठाऊक. मुंबईचे हे डावखुरे फिरकी गोलंदाज १९६१-६२ पासून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले आणि १९८७-८८ मध्ये, सत्तेचाळिसाव्या वर्षीही मैदानात उतरले. १२४ सामन्यांत ५८९ बळी. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तमिळनाडूविरुद्ध पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी! तरीही कसोटी एकही नाही. २०२५ साली ते वारले.

यात अन्याय कोणी केला? त्याच काळात त्याच प्रकारची गोलंदाजी करणारे बिशनसिंग बेदी संघात होते आणि ते थोरच होते. जागा एक, लायक माणसे दोन. निवडणाऱ्यांना दोष देणे कठीण. पण कोणाचा दोष नाही म्हणून दुःखही नाही, असे थोडेच आहे? शिवलकरांनी 'हा चेंडू दैवगतीचा' हे गीत गायले आहे. मला 'दैव' हा शब्द फारसा आवडत नाही, तो उच्चारला की विचार थांबतो. शिवलकर मात्र थांबले नाहीत, गोलंदाजी करत राहिले.

स्टोइक पंथाचे मत सांगताना सिसेरोने तिरंदाजाचा दाखला दिला आहे. नेम नीट धरण्यासाठी करता येईल ते सारे करणे हे तिरंदाजाचे काम. बाण लागणे सर्वस्वी त्याच्या हाती नसते. सेमिनरीत मला हे फार पटले होते. आता वाटते, ज्याचा बाण लागला आहे त्याने हे दुसऱ्याला सांगणे फार सोपे असते. शिवाय शिवलकरांचे बाण लागले होतेच. चेपॉकवर ते फलंदाज खरोखरच बाद झाले. कसोटीची टोपी मिळाली नाही म्हणून ते बळी पुसले जात नाहीत.

पण त्या मुलाचे काय? त्याच्या रात्रींच्या अभ्यासाची नोंद कुठल्याही धावपुस्तकात नाही. इथे माझा दाखला लंगडा पडतो, हे कबूल करतो. एवढे मात्र खरे की राज्यघटना, इतिहास, अर्थशास्त्र तो शिकला आहे, आणि ते शिकणे यादीवर अवलंबून नव्हते. आईला मी अजून उत्तर दिलेले नाही. मुलाला निरोप धाडला आहे, रविवारी मिस्सानंतर थांब म्हणून. आधी त्याचे ऐकून घेणार आहे.

तुमचा,
धर्मगुरू