धुऊन नेते, पण कुठे?

नर्मदा जयंती झाली, दुसऱ्या दिवशीचे घाट सगळ्यांनी पाहिले. त्यांचं वर्णन पुन्हा करत नाही. संताप आला तो कचऱ्याहून जास्त त्यावर मिळालेल्या उत्तराचा. ‘मैया पवित्र आहे, तिला काय होणार? ती सगळं धुऊन नेते.’ जबलपूरच्या ग्वारीघाटावर हे हिंदीत ऐकू येतं, परिक्रमेला आलेल्या आपल्या मराठी मंडळींच्या तोंडून मराठीत ऐकू येतं. बाकीच्या सबबींत फारसा दम नाही. कचराकुंड्या नव्हत्या, गर्दी बाहेरगावची होती, वर्षातून एकदाच तर असतं, हे बोलणाऱ्यालाही पटलेलं नसतं. पण ‘ती पवित्र आहे’ हे म्हणणारा माणूस छातीवर हात ठेवून म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की यापुढे बोललो तर आपणच नास्तिक ठरू. म्हणून हीच सबब नीट तपासली पाहिजे.

धुऊन नेते म्हणजे कुठे नेते? आपल्या शहपुऱ्याच्या माणसाने तर हे विचारायलाच हवं, कारण जबलपूरहून ती जे नेते ते तिलवारा, लम्हेटा, भेडाघाट ओलांडून आपल्याच बाजूला येतं. परियट नदीकाठच्या डेअऱ्यांचं शेणपाणी परियटमधून हिरनमध्ये आणि हिरनमधून नर्मदेतच उतरतं. आपण त्यात आपली भर घालतो आणि ते नरसिंहपूर, नर्मदापुरमकडे रवाना होतं. तिथला भाविकही हात जोडून तेच वाक्य म्हणतो. पुढे पुनासाला इंदिरासागर धरण, मग ओंकारेश्वर, मग गुजरातेत सरदार सरोवर. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी. अमरकंटकपासून खंबातच्या आखातापर्यंतच्या 1312 किलोमीटरमध्ये नदीला मोकळं वाहू न देण्याची व्यवस्था आपणच केली आणि वर तिच्याकडून सगळं समुद्रात नेऊन टाकण्याची अपेक्षाही आपणच करतो. वाहून गेलेलं कुठल्या तरी भिंतीशी अडतं, गाळात बसतं, कुणाच्या तरी पाणवठ्याला लागतं. जबलपूरच्या नळांना येणारं बरंचसं पाणी नर्मदेतूनच उचललेलं आहे. ते गाळलं जातं, त्यात क्लोरीन घातलं जातं आणि घरी आल्यावर पुन्हा यंत्रातून काढलं जातं. त्या वेळी ‘मैया पवित्र आहे, गाळायचं कशाला’ असं एकही भक्त म्हणत नाही. म्हणजे तिचं पावित्र्य दिव्याचा द्रोण सोडताना खरं आणि पेला भरताना खोटं. श्रद्धा इतकी सोयीस्कर असू नये.

मुळात ‘पवित्र’ या शब्दाला हा अर्थ चिकटला कसा? धातू आहे ‘पू’, म्हणजे स्वच्छ करणं, गाळून घेणं. पवन, पावक, पावन ही सगळी त्याचीच लेकरं. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात ‘इत्र’ प्रत्यय सांगितला आहे तो साधनांसाठी. ज्याने खणायचं ते खनित्र, ज्याने कापायचं ते लवित्र, ज्याने होडी वल्हवायची ते अरित्र. पुढच्याच सूत्रात ‘पवित्र’ येतो. कुदळ, विळा आणि वल्हं यांच्या शेजारी बसलेला हा शब्द आहे. ज्याने स्वच्छ करायचं ते पवित्र. ऋग्वेदाचं नववं मंडल सोमाला वाहिलेलं आहे, आणि त्यातलं ‘पवित्र’ हे मेंढीच्या लोकरीचं गाळणं आहे. रस त्यातून खाली येतो, चोथा वर राहतो. पुढे धर्मकार्यात अनामिकेत घालायची दर्भाची अंगठी ‘पवित्र’ झाली, आणि कार्य संपलं की तिची गाठ सोडून ती टाकून देतात. आपल्याकडे श्रावणात पोवती पौर्णिमेला सुताचं पोवतं करतात. पोवतं म्हणजे ‘पवित्र’च, घरच्या बोलीत आलेलं. गीता ज्ञानासारखं पवित्र दुसरं नाही म्हणते तेव्हाही ज्ञान हे साफ करणारं साधन आहे, असाच अर्थ लागतो. वस्त्र असो, गवत असो, सूत असो, यातलं काहीही कधी न मळणारं नव्हतं. उलट मळ अडवणं हेच त्याचं काम, आणि म्हणून ते धुणं किंवा बदलणं ओघानेच आलं. चोथ्याने भरलेल्या गाळण्यातून रस स्वच्छ उतरत नाही, मग त्यावर कितीही मंत्र म्हणा.

दुसऱ्या भाषांत या अर्थाच्या शब्दांची वाट वेगळी आहे. हिब्रू ‘कदोश’च्या मुळाशी वेगळं काढण्याची कल्पना सांगतात, लॅटिन ‘साकेर’ देवाला वाहिलेल्याबद्दल वापरत आणि शापिताबद्दलही. तिथे पावित्र्य म्हणजे कुंपण. आपल्या शब्दात कुंपण नव्हतं, कष्ट होते. ते कुंपण आपण नंतर घातलं, आणि कष्ट दुसऱ्यांवर ढकलले.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शब्द अडीच-तीन हजार वर्षांत बदलतात. व्युत्पत्ती दाखवून आजच्या माणसाला बांधता येत नाही. कबूल. पण मग जुन्या आचाराचं काय? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र, थुंकी किंवा अमंगळ काही टाकू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. गंगेच्या काठी वर्ज्य मानलेल्या तेरा गोष्टींची जी यादी धर्मग्रंथांतून येते तिच्यात अंगाचा मळ चोळून काढणं आहे, कपडे टाकणं आहे आणि निर्माल्य टाकणंही आहे. निर्माल्य! पूजेची फुलं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, पिशवीसकट पुलावरून भिरकावणाऱ्याला आपण परंपरा पाळतो असं वाटतं, आणि परंपरा नेमकी तेच करू नको म्हणते. गंगेला मोक्षदायिनी मानणाऱ्यांनीच ही यादी केली. ती पवित्र आहे म्हणून तिला काही होणार नाही, असं त्यांना वाटलं असतं तर यादीची गरजच नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त चलाख आहे. पावित्र्य आध्यात्मिक असतं, प्रयोगशाळेचं नसतं. नदीचं पाणी मळेल पण नदी मळत नाही. हे ऐकायला खोल वाटतं. मग 1927 सालचं महाड आठवावं. 20 मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं बाटलं म्हणून 108 घागरी पंचगव्य ओतून त्याची शुद्धी केली. आध्यात्मिक पावित्र्याला स्पर्श होत नसेल तर तिथे माणसाच्या ओंजळीने ते कसं गेलं? आणि ओंजळीने जात असेल तर इथे गटाराने कसं जात नाही? माणूस पाणी बाटवतो आणि शेण, थर्माकोल, सांडपाणी बाटवत नाही, असं हे गणित आहे. सोवळ्या-ओवळ्याने ‘पवित्र’ शब्दातली घाण काढण्याची जबाबदारी उचलून बाजूला ठेवली आणि माणसं हाकलण्याचा अधिकार तेवढा ठेवून घेतला. घाण काढायचं काम ज्यांच्या माथी मारलं त्यांनाच अपवित्र ठरवलं. पाणिनीच्या सूत्राने पाहिलं तर पंढरपुरात यात्रेनंतर गाडगेबाबा ज्याने झाडत तो खराटा पवित्र होता, आणि बाबा विठ्ठलाच्या देवळात न जाता बाहेर झाडत राहिले यात शब्दाची चूक मुळीच झाली नव्हती.

दिव्यांच्या द्रोणांवर काय बोलता, नाल्यांवर आणि डेअऱ्यांवर बोला, असंही म्हणतील. बरोबरच आहे, नदीचं जास्त नुकसान तेच करतात. वाळूचंही बोला. नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर मानायचा आणि रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली लावून तेच शंकर उपसून न्यायचे, हे जबलपूर जिल्ह्यात कोणाला माहीत नाही? पण नाल्याच्या तोंडाशी उभा असलेला अधिकारी, ट्रॉलीचा मालक आणि द्रोण सोडणारा भाविक, तिघांच्या मनात एकच वाक्य आहे, म्हणून त्या वाक्याला हात घालावा लागतो. 2017 मध्ये मध्य प्रदेश विधानसभेने नर्मदेला जिवंत अस्तित्व मानण्याचा ठराव केला. जिवंत मानलं म्हणजे तिला इजा होऊ शकते हेही मानलं. ठरावाचा हा अर्थ घाटापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. घाटापर्यंत पोहोचतात ते ध्वनिक्षेपक आणि फ्लेक्स.

करता येण्यासारखी गोष्ट अवघड नाही. स्नानासाठी पाणी कसं असावं याची मोजमापं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केव्हाच ठरवून दिली आहेत: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे 5 मिलिग्रॅम किंवा अधिक, जैविक ऑक्सिजन मागणी 3 मिलिग्रॅम किंवा कमी, आणि 100 मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जिवाणू 500 च्या आत. ज्या फ्लेक्सवर स्वागतोत्सुकांचे चेहरे छापतात त्याच जागी, प्रत्येक घाटावर, त्या आठवड्याचे हे तीन आकडे मोठ्या अक्षरांत लिहावेत. डुबकी मारायला उतरणाऱ्या बाईला आणि तिच्या कडेवरच्या पोराला ते कळण्याचा हक्क आहे. पुढच्या नर्मदा जयंतीपर्यंत हे होईल अशी आशा मला फारशी नाही. झालं नाही, तर निदान घाटांवरच्या फलकांवरचा ‘पवित्र’ हा शब्द तरी पुसून टाका.