झिजलेले नाणे, झिजलेली वाट

धर्माच्या उगमाचा शोध घेतल्याने धर्माची थोरवी उणावते काय, हा प्रश्न आम्हा सोलापूरकरांना दर आषाढात नव्याने पडावा असा आहे. कारण पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशी मजल दरमजल करीत माउलींची पालखी ज्या मुलखातून येते, त्या मुलखातील वारीच्या वाटांविषयी एका गणितज्ञाने असे काही लिहून ठेवले आहे की श्रद्धाळू मनाने क्षणभर बिचकावे.

हे गणितज्ञ म्हणजे दामोदर धर्मानंद कोसंबी. वडील धर्मानंद बुद्धाच्या ओढीने घरदार सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले; १९०७ साली गोमंतकात जन्मलेल्या पुत्राने मात्र धर्मालाच तागडीत घातले. त्यांच्या प्रसिद्ध लेखनाचा नुसता तपशील पाहिला तरी ते एकाच हातचे आहे यावर विश्वास बसू नये: १९४४ मध्ये आनुवंशशास्त्रात जनुकांमधील अंतर काढण्याचे, आजही त्यांच्याच नावाने चालणारे सूत्र, १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ती, १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची दिशा पालटणारा ग्रंथ. प्राचीन आहत नाणी तर त्यांनी हजारोंनी तोलली. हातोहात फिरताना नाणे झिजते, तेव्हा ती झीज हाच त्याच्या व्यवहाराचा दस्तऐवज, हे त्यांचे साधे पण विलक्षण तत्त्व.

हीच दृष्टी घेऊन ते पश्चिम महाराष्ट्रातल्या वाटा पायी तुडवू लागले. देवस्थानांपाशी आणि वारीच्या मार्गांलगत त्यांना अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारे सापडली. आणि १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात त्यांनी असे अनुमान मांडले की या वाटा मुळात ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करणाऱ्या आदिम टोळ्यांच्या असाव्यात. म्हणजे संतांच्या कितीतरी आधी, विठ्ठलाचे नावही नसताना, पावले त्याच दिशेला पडत होती!

कोसंबी स्वतः भाविक नव्हते. वारीत त्यांना मुख्यतः पुरातन जीवनपद्धतीचा अवशेष दिसला. येथे त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. एखादी वाट प्रथम कोणी पाडली हा एक प्रश्न, आणि आज तिच्यावरून चालणारा मनुष्य कोठे निघाला आहे हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याचा फैसला होत नाही. टोळ्या चाऱ्यासाठी चालल्या असतील. वारकरी चाऱ्यासाठी चालत नाही. तथापि जो भाविक अशा शोधालाच पाखंड म्हणून दप्तराबाहेर काढू पाहतो, त्याचेही आम्हाला पटत नाही; कारण तोलल्याने खरे नाणे खोटे होत नाही, खोटे मात्र उघडे पडते. हा न्याय कोसंबींनाही चुकला नाही: रीमानच्या गृहीतकाविषयीचा त्यांचा दावा गणितज्ञांनी तपासून अमान्य केला, आणि आनुवंशशास्त्रातले सूत्र तपासूनच टिकले.

पंढरीत देवाच्या चरणांवर प्रत्यक्ष माथा टेकता येतो, आणि असंख्य स्पर्शांनी तो पाषाण झिजत आला आहे. ही झीज मोजण्यास संशोधकाला कोणी मज्जाव करू नये. आणि ती कशाने झाली हे सांगताना संशोधकाने वारकऱ्याची जबानी वगळू नये.