मेणवलीची घंटा आणि आप्तवाक्य

माझा भाचा यंदा बारावी होऊन बसला आहे. 'बसला आहे' हे क्रियापद मी बुद्ध्याच योजतो, कारण निकाल हाती आला, सीईटीचे पर्सेंटाइलही कळले आणि आता अभियांत्रिकीच्या प्रवेशाची यादी लागेपर्यंत या मुलाला करण्यासारखे काहीच उरलेले नाही, अशी त्याच्या वडिलांची ठाम समजूत आहे. सकाळी दूध आणावे, आजीच्या गोळ्या संपण्याआधी औषधांच्या दुकानात जाऊन यावे, दुपारी प्रवेशाच्या संकेतस्थळावर काही हलले आहे का ते पाहावे आणि संध्याकाळी पाऊस उघडलाच तर कृष्णेच्या घाटावर मित्रांबरोबर वडापाव खाऊन परतावे, एवढाच त्याचा वाईतला दिनक्रम वरवर पाहणाऱ्याला दिसतो. बाकीचा वेळ मोबाइलच्या स्वाधीन. जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या अखेरच्या डावांपायी या घरातली दोन दिवसांची जेवणे थंड झाली, हे मी स्वतः पाहिले आहे.

परंतु त्याच्या मोबाइलमध्ये बुद्धिबळाखेरीज आणखी एक उद्योग चालतो, व तो मला पुष्कळ उशिरा उमगला. हा मुलगा मराठी विकिपीडियावर संपादन करतो. इंग्रजी विकिपीडियाचा जन्म १५ जानेवारी २००१चा आणि मराठीचा १ मे २००३चा, म्हणजे दोन्हीही या मुलाहून वयाने वडील; परंतु त्याचे तेथील वागणे एखाद्या जुन्या, निष्णात कारकुनाचे आहे. वाई तालुक्यातील कोणत्या गावाच्या पानावर एकच ओळ आहे, कोणी 'आणि'मधला णि दीर्घ करून ठेवला आहे, कोणता मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचलला आहे, यांची त्याच्याजवळ सविस्तर यादी असते आणि रात्री अकरानंतर तो एकेक दुरुस्ती रुजू करीत जातो. तेथील परिभाषाही त्याने मला शिकवली. जेथे सर्वांनी मिळून चर्चा करावयाची ती चावडी. नवशिक्याने हात बसेपर्यंत जेथे गिरवावयाचे ती धूळपाटी. आणि माणसाऐवजी यंत्राकडून ठरावीक कामे करून घेणारा जो आज्ञाधारक कार्यक्रम, तो सांगकाम्या. ज्या कोणी हे शब्द योजले, त्याला मराठी येत होते एवढे निश्चित.

गेल्या महिन्यात त्याने सायकलीवरून मेणवली गाठली. वाईपासून हे अंतर थोडे. तेथे नाना फडणविसांचा वाडा आहे, वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, आणि घाटावरच्या देवळापाशी १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली त्या वेळची म्हणून एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. घंटेवर बालकास घेतलेल्या मेरीची आकृती असून साल १७०७ आहे. एका छापील पुस्तिकेत हेच साल आकड्यांची अदलाबदल होऊन १७७० असे पडले होते. वसईच्या विजयानंतर एकतीस वर्षांनी ओतलेली घंटा वसईहून आणली कशी, असा साधा प्रश्न छापणाऱ्यालाही पडला नाही आणि वाचणाऱ्यालाही पडला नाही. या मुलाला तो पडला. म्हणून तो गेला, घंटेखाली उभा राहिला, आकडे त्याने डोळ्यांनी वाचले, छायाचित्र घेतले आणि रात्री योग्य ते साल पानावर नोंदवले. दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी सदस्याने त्या सालापुढे अत्यंत सभ्यपणे 'संदर्भ हवा' असा शेरा ठेवला होता.

मी संतापलो. ज्याने प्रत्यक्ष पाहिले त्याच्याकडे दाखला मागावयाचा, आणि चुकीचे छापणाऱ्या पुस्तिकेचे नाव दिले असते तर मात्र ते निमूटपणे मान्य करावयाचे, हा कोणता न्याय? भाचा मात्र शांत होता. "नियम बरोबर आहे, मामा," तो म्हणाला. "मी स्वतः पाहिलं, हा तिथे पुरावा होत नाही."

या एका वाक्याने मला चाळीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेल्या एका वादाकडे परत नेले. दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास का ठेवावा, या प्रश्नावर आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक यांच्यात जे शतकानुशतके भांडण चालले, त्याचे सार असे की, मीमांसकांच्या मते शब्दात जो दोष येतो तो बोलणाऱ्याकडून येतो, तो भ्रमिष्ट असेल, लबाड असेल किंवा निष्काळजी असेल. आणि म्हणून ज्या शब्दाला बोलणाराच नाही, जो अपौरुषेय आहे, त्यात दोष शिरण्याला वाटच उरत नाही. वेदांचे प्रामाण्य त्यांनी या पायावर उभे केले. नैयायिकांनी नेमके उलट सांगितले: शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा विश्वासार्ह, म्हणजे आप्त, असतो म्हणून, वेददेखील प्रमाण आहेत ते त्यांचा कर्ता ईश्वर आहे म्हणून. या आप्ताचे वात्स्यायनाने केलेले लक्षण तर माझ्या मते भारतीय तत्त्वज्ञानातील अत्यंत उदार विधानांपैकी एक आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे तो भाष्यकार बिनदिक्कत लिहून जातो. या कसोटीने पाहिले तर सतरा वर्षांचा, अद्याप प्रवेश न मिळालेला मुलगा आप्त ठरतो. आणि आपल्या जन्माचे साल अंगावर बाळगून मुकाट लोंबकळणारी ती म्लेच्छ घंटाही एका परीने आप्तच ठरते.

मग शेरा मारणाऱ्याचे चुकले काय? प्रथमदर्शनी असे वाटते की, लेखकाचे नाव पुसून टाकणारा हा ज्ञानकोश म्हणजे मीमांसकांचा नवा अवतार असावा. आमच्या वाईतच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली सिद्ध झाला. त्यातील नोंदींखाली लिहिणाराचे नाव आढळते, आणि येथे तर पानावर नावच नाही! परंतु भाच्याने 'इतिहास' या शब्दावर बोट ठेवले आणि त्या पानावर पहिल्या दिवसापासून कोणी, कोणत्या मिनिटाला, कोणता काना-मात्रा फिरवला, याची अखंड जंत्री माझ्यापुढे उलगडली. हे अपौरुषेयत्व नव्हे. हा मराठेशाहीतील महजर आहे. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसून निवाडा होई, तेव्हा ज्याला सही येत नसे तो नांगराची वा तराजूची निशाणी करी, पण हजर असलेला माणूस कागदावर उतरल्यावाचून राहत नसे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला, तेव्हा त्यांनीही साल सांगितले आणि पुढे कोणी त्यात पदरची ओवी घालू नये, अशी सक्त ताकीदही ठेवली. म्हणजे संपादनही केले आणि पान कुलूपबंदही केले, असे भाच्याच्या भाषेत म्हणता येईल.

आणि तरीही माझे समाधान झालेले नाही. दूरच्या वाचकाला या मुलाची पारख करता येत नाही, म्हणून त्याच्याऐवजी पुस्तकाला जामीन घेतात, हे व्यवहारदृष्ट्या रास्त आहे, आणि हजारो अनोळखी माणसांनी एकत्र नांदावयाचे तर दुसरी तजवीज सुचतही नाही. पण ते पुस्तक दुसऱ्या पुस्तकावरून, ते तिसऱ्यावरून, असे मागे मागे जाता जाता कोणीतरी एकदा घंटेखाली मान वर करून उभा राहिलेला असलाच पाहिजे. नसेल तर ही सारी आंधळ्याने आंधळ्याचा खांदा धरून चालणारी रांग, म्हणजे शास्त्रकारांची अंधपरंपरा होय. नियमाने त्या उभ्या राहणाऱ्याला दाराबाहेर ठेवले आहे, आणि त्याच्याशिवाय नियमाचे क्षणभरही चालत नाही. अशा स्थितीत रुसून न बसणे ही श्रद्धाच असावी, असे मला वाटते. तिचे नाव त्या मुलाला ठाऊक नसेल, ही गोष्ट निराळी.

त्याने मात्र यातूनही मार्ग काढला होता. "मामा, तू मासिकांत लिहितोस ना? घंटेचं साल तुझ्या एखाद्या लेखात घाल. छापून आलं की मी तुझा संदर्भ देतो."

म्हणजे ज्याने पाहिले त्याला आधार हवा, आणि तो कोणाचा, तर ज्याने पाहिले नाही त्याचा! हा आप्तपणा फुकटाफाकटी पदरात पडू द्यावयाचा नाही, असे ठरवून मी परवा त्याच्या मागे स्कूटरवर बसून मेणवलीला गेलो. घाटाच्या पायऱ्या पावसाने निसरड्या झाल्या होत्या. घंटेखाली उभा राहून मी मान वर केली आणि खिसे चाचपले, तेव्हा ध्यानात आले की चष्मा घरीच राहिला आहे. अखेर चारी आकडे त्यानेच मला मोठ्याने वाचून दाखवले.