अख्खी खाल्ली जाणारी मासळी

सुक्या जवळ्याचं पोट कुणी काढत नाही. निवडायचा, भाजायचा, कांद्यावर परतायचा, की भाकरीबरोबर जेवण होतं. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की कोकणातल्या कितीतरी घरांना या सुकटीचाच आधार. जवळा कवचासकट पोटात जातो, म्हणून त्यातलं कॅल्शियमही मिळतं. पण अख्खा जातो म्हणूनच त्याच्या आतड्यात जे असेल तेही जातं.

माशाने गिळलेलं मायक्रोप्लास्टिक, म्हणजे ५ मिलिमीटरहून बारीक तुकडे आणि तंतू, बहुतेक त्याच्या पोटातच असतं. सुरमईच्या तुकड्या करताना पोटातली घाण कोळीण काढून टाकते, त्यामुळे तुकडी खाणाऱ्याच्या वाट्याला ते कमी येतं. जवळ्याला ही सोय नाही. तिसऱ्या, कालवं तर खाडीचं पाणी गाळूनच जगतात, आणि तीही आतड्यासकटच खाल्ली जातात. स्वस्त मासळी आणि चिखलातून हाताने वेचलेल्या शिंपल्या, नेमक्या याच गोष्टी अख्ख्या पोटात जातात. याचा मला फार त्रास होतो.

हे तुकडे आणि तंतू येतात कुठून? शहरात धुतलेल्या पॉलिएस्टरच्या कपड्यांतून, झिजणाऱ्या टायरांतून. नाल्यांवाटे ते खाडीत उतरतात. काही कोळ्यांच्या जाळ्यांतूनही सुटतात, हेही सांगायला हवं. डोल जाळी पूर्वी तागाची, सुताची असत. नायलॉन आलं, ते टिकाऊ म्हणून सगळ्यांनी घेतलं. त्यात कोळ्याचा दोष काय? फाटकी जाळी बंदरावरच योग्य भावाने परत घेणारी व्यवस्था उभी राहिली, तर ती पाण्यात टाकावीशी कुणाला वाटेल?

माणसाच्या शरीरात याने काय होतं यावर अजून संशोधन चालू आहे. तोवर ‘मासे खाऊ नका’ असा सल्ला देणं मला अन्यायाचं वाटतं. जवळा बंद केला तर त्या ताटात त्याच्या तोडीचं दुसरं काय वाढणार? जवळ्याच्या पोटातले हे तंतू निवडून, धुऊन जात नाहीत. ते स्वयंपाकघरातल्या बाईचं काम नव्हेच. नाल्याचं पाणी खाडीत पडण्याआधी गाळायचं, प्लास्टिक मुळातच कमी बनवायचं, हे काम सरकारांचं आणि कारखान्यांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात जगातले देश प्लास्टिकच्या करारासाठी जमले होते. उत्पादनाला मर्यादा घालायची की नाही, यावरून मुख्य वाद झाला आणि करार न होताच बैठक संपली.