अश्रू आणि विश्वास



काशीतील भोसले घाट नागपूरच्या भोसल्यांनी अठराव्या शतकात बांधला. तेथून मणिकर्णिकेच्या चिता फार दूर नाहीत. त्या परिसरात मनुष्याला मृत्यूचा विसर पडणे कठीण. याच नगरीत वाढलेल्या एका मराठी ख्रिस्तभक्ताच्या दुःखाकडे आज आपण पाहू या.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे चित्पावन ब्राह्मण. ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ लिहिला. तेच शास्त्रीबुवा १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. आप्तेष्ट दुरावले. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या. परंतु १८५३ साली कन्येला जन्म दिल्यानंतर थोड्याच काळात त्या वारल्या. आईवेगळ्या एलन लक्ष्मीचे संगोपन परक्या घरी झाले; पुढे ती इंग्लंडात वाढली.

ज्याच्यासाठी सर्वस्व सोडले, त्या प्रभूने उरलेलेही का नेऊ द्यावे? षड्दर्शनांचा कसून विचार करणाऱ्या या पंडिताची बुद्धी असल्या प्रश्नापुढे थिटी पडली असेल, तर नवल नाही. शंकांनी त्यांना बाप्तिस्म्यानंतरही फार छळले. तरी १८९५ साली देहावसान होईपर्यंत ते प्रभूचेच राहिले. यावरून एक गोष्ट ध्यानात येते: सर्व प्रश्नांची उत्तरे हाती असणे म्हणजे विश्वास नव्हे. उत्तर नसतानाही ज्याच्याकडे तोंड करून आपण प्रश्न विचारतो, त्याला न सोडणे म्हणजे विश्वास.

पवित्र शास्त्राची साक्षही अशीच आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचे भाषांतर करताना माझी लेखणी अडखळली होती. इतर विलापस्तोत्रे बहुधा आशेकडे वळतात. हे वळत नाही. मूळ इब्रीत त्याचा शेवटचा शब्दच अंधार असा आहे. शेवटी आशेचा एखादा किरण घालावा, असा मोह मला झाला. पण तसे करणे म्हणजे रडणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवणे झाले असते. आणि नीट पाहिले तेव्हा कळले, की त्या स्तोत्राचा आरंभ तारणाऱ्या देवाला मारलेल्या हाकेने होतो. अंधार आहे, परंतु हाक देवालाच आहे. तेवढी हाक हाच तेथला विश्वास.

आपल्या प्रभूकडे पाहा. लाजराला आपण उठवणार, हे ठाऊक असूनही तो कबरेजवळ रडला. पुनरुत्थानाची खात्री असणे आणि अश्रू ढाळणे या दोन गोष्टी परस्परविरोधी असत्या, तर प्रभूचे डोळे कोरडेच राहिले असते. गोऱ्ह्यांना ज्याचे नाव मिळाले, तो नेहेम्याही यरुशलेमेच्या दुर्दशेची वार्ता ऐकून प्रथम खाली बसून रडला, मग प्रार्थनेस लागला आणि त्यानंतर तट बांधावयास निघाला.

म्हणून बंधुभगिनींनो, शोकाकुल घरी जाल तेव्हा “रडू नका, देवाची इच्छा” असे म्हणण्याची घाई करू नका. तो अश्रूंना देव अविश्वास मानीत नाही. त्यांच्याजवळ बसा. त्यांना प्रार्थना सुचत नसेल, तर त्यांच्या वतीने तुम्ही करा. आणि तुम्हीच त्या अंधारात असाल, तर शब्द न सापडले तरी भिऊ नका. आपल्याला प्रार्थना कशी करावी हे कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः कण्हून मध्यस्थी करतो, अशी ग्वाही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे.

ज्या हातांना खिळ्यांचे वण आहेत, त्या हातांत आपले अश्रू सुरक्षित आहेत.