साधी गाठ

"गाठ साधी आहे," असे डॉक्टरांनी म्हटले की घरात चहाचे आधण चढते. कर्करोग नाही, एवढाच त्या 'साधी'चा अर्थ. पण साधी गाठही नुसती जागा अडवून जीव घेऊ शकते.

ऐन दिवाळीत पोट फाडण्याच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण मी सांगतो आहे ती शस्त्रक्रियाही सणाच्याच दिवशी, नाताळात झाली असे म्हणतात. साल १८०९, गाव अमेरिकेतल्या केंटकीमधले डॅनव्हिल. जेन क्रॉफर्ड या बाईंचे दिवस उलटून गेले तरी सुटका होईना, म्हणून एफ्राइम मॅक्डॉवेल या शस्त्रवैद्याला बोलावले. तपासतो तो गर्भाशय रिकामे! वाढली होती ती अंडाशयाची गाठ. त्याने स्वच्छ सांगितले, धोका मोठा आहे, हा प्रयोगच होईल. आणि त्यासाठी डॅनव्हिलला यावे लागेल.

बाई ६० मैल घोड्यावर बसून आल्या. खोगिराच्या पुढल्या उंचवट्यावर गाठ टेकून पोट ठेचकाळले होते. मला शस्त्रक्रियेपेक्षा हा प्रवास मोठा वाटतो. वेदनेने गांजलेल्या माणसाचा होकार हा खरा होकार का, असे नीतीचे अभ्यासक विचारतात. या बाईंच्या पुरते माझे उत्तर हा प्रवास. घोडा वाटेत कोठूनही परत फिरवता आला असता.

भुलीचे ईथर जगापुढे आले १८४६ साली. शुद्धीवर असलेल्या बाईंचे पोट ९ इंच चिरले, आतडी टेबलावर आली, आणि २५ मिनिटांत साडेबावीस पौंडांचे ओझे निघाले. पाचव्या दिवशी बाई स्वतःचे अंथरूण आवरताना दिसल्या! पुढे त्या ३२ वर्षे जगल्या. म्हणूनच गाठ साधी होती असे म्हणायचे. आजही सोनोग्राफीत गाठ दिसते, पण शेवटचा निवाडा बहुधा कापलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावरच होतो. म्हणजे होकार आधी, ज्ञान मागाहून.

इथेच टाळ्या वाजवून उठावेसे वाटते. पण मॅक्डॉवेलने १८१७ साली छापलेल्या वृत्तांतात आणखी दोघी आहेत. दोघी कृष्णवर्णीय, गुलाम. क्रॉफर्डबाईंचे नाव त्यात आहे, या दोघींचे नाही. एकीच्या बाबतीत, मालकाचा आग्रह आणि तिची दैना पाहून आपण तयार झालो, असे तो लिहितो. ती स्वतः काय म्हणाली, ते लिहीत नाही.