निकालाआधी न्याहारी



पवित्र सप्ताहातील विधींसाठी राबलेल्या गायकवृंदाचे, वेदीसेवकांचे आणि मंदिर सजवणाऱ्या भगिनींचे मनापासून आभार. आज मात्र मला आपल्या प्राथमिक शाळेविषयी चार शब्द लिहायचे आहेत. दुसरे सत्र संपत आले आहे.

प्रायश्चित्तकाळात मुलांनी खाऊचे पैसे वाचवून डबे भरले. ती रक्कम कारितास इंडियाच्या भूक आणि रोगराईविरोधी मोहिमेसाठी पाठवली आहे. ज्यांच्या घरी प्रायश्चित्तकाळ पाळत नाहीत अशा हिंदू, मुस्लिम आणि पाड्यावरच्या आदिवासी मुलांनीही डबे आणले, ही गोष्ट मला विशेष वाटते. चौथीच्या मुलांनी क्रूसाची वाट सादर केली. शिमोन कुरेनेकर व्हायला सगळेच तयार होते, पिलात व्हायला एकही नाही! शेवटी बाईंना चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या.

आता परीक्षा आणि १ मे रोजी झेंडावंदनानंतर निकाल. पाचवीच्या पालकांच्या पोटात गोळा आला आहे, हे मी जाणतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात ठेवायचे नाही असे ठरले होते. २०१९ मध्ये संसदेने त्यात बदल केला आणि आपल्या राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. जो राहील त्याला दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, तिथेही राहिला तर पुन्हा तोच वर्ग. हा बदल बरा की वाईट यावर शिक्षकांमध्येही दोन मते आहेत. मला काळजी आहे ती घराघरांत काय चालले आहे याची.

परवा एक वडील म्हणाले, “फादर, पोरगा राहिला तर गावात तोंड कसे दाखवू?” मुलगा दहा वर्षांचा. त्याच्या गणिताच्या पेपरावर बापाची अब्रू टांगलेली! त्या पोराला भागाकार सुचेल कसा?

पुनरुत्थान अष्टकाच्या शुक्रवारी दरवर्षी आपण योहानलिखित शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय ऐकतो. शिष्य रात्रभर तिबिर्याच्या समुद्रात जाळी टाकतात, हाती काही लागत नाही. आपल्या पाचूबंदरच्या आणि अर्नाळ्याच्या बांधवांना अशा रात्री काही नव्या नाहीत. पहाटे काठावर प्रभू उभा आहे. कोळशांचा विस्तव पेटलेला, त्यावर मासळी, शेजारी भाकर. योहान कोळशांच्या विस्तवाचा उल्लेख आपल्या शुभवर्तमानात दोनदाच करतो. पहिला विस्तव प्रमुख याजकाच्या अंगणातला. तिथेच शेकत उभा असताना पेत्राने प्रभूला नाकारले. तीन प्रश्न, तिन्ही उत्तरे चुकली. दुसरा विस्तव हा, प्रभूने स्वतः पेटवलेला. धुराचा तो वास नाकात गेला तेव्हा पेत्राच्या काळजात काय झाले असेल?

आणि प्रभू काय करतो? झाल्या गोष्टीचा हिशेब काढत नाही. भिजलेल्या, दमलेल्या माणसांना जेवू घालतो. योहान स्पष्ट लिहितो की प्रश्न आले ते न्याहारी झाल्यावर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रश्न टळले नाहीत, तीनदाच विचारले गेले. पण “असे का केलेस?” हा प्रश्न त्यांत नव्हता. प्रेमाविषयी विचारले आणि लगेच काम सोपवले. पहिल्यांदा सोपवली ती कोकरे, मेंढरे नंतर.

धर्मशिक्षणाच्या तासाला हा भाग सांगत होतो, तेव्हा एका मुलीने विचारले, “फादर, म्हणजे पेत्राची फेरपरीक्षा झाली का?” मोठमोठ्या भाष्यांत मला इतके नेमके वाक्य सापडलेले नाही.

सेमिनरीत गाब्रिएल मार्सेल या फ्रेंच तत्त्वज्ञाचा अभ्यास करताना एक फरक शिकलो. समस्या माझ्यासमोर असते, ती मी बाहेर उभा राहून सोडवतो. रहस्यात मात्र मी स्वतः गुंतलेला असतो. आपले मूल समस्या नव्हे. त्याच्या प्रगतिपुस्तकाकडे परक्यासारखे बघता येत नाही, कारण त्यात आपल्या घरातले संध्याकाळचे वातावरण, आपली भांडणे, आपला मोबाईलसुद्धा उतरलेला असतो.

याचा अर्थ अभ्यास नको असा कुणी काढू नये. ज्याला वाचता येत नाही त्याला नुसते वर ढकलणे ही दया नव्हे, आणि शिक्षकांनाही मी हे सांगत असतो. पण निकालाच्या दिवशी मुलाला आधी घरी न्या, जेवू घाला, मग प्रगतिपुस्तक उघडा. शेजारच्या मुलाचे गुण विचारू नका. प्रगतिपुस्तकाचे फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नयेत, अशी शाळेचा व्यवस्थापक या नात्याने माझी सर्व पालकांना विनंती आहे. तुमच्या आनंदाचा तो फोटो दुसऱ्या घरात कुणाच्या तरी पाठीवर उमटतो.

पाचवीत जी मुले राहतील त्यांच्यासाठी मे महिन्यात सोमवार ते शुक्रवार, सकाळी ९ ते ११ या वेळेत चर्चच्या सभागृहात गणित आणि मराठीचे वर्ग घेतले जातील. शिकवणी विनामूल्य आहे व ती सर्वधर्मीय मुलांसाठी आहे. दोन शिक्षिकांनी सुट्टीतला वेळ देऊ केला आहे, पण त्या पुरेशा नाहीत. धर्मग्रामातील निवृत्त शिक्षक आणि कॉलेजमधील युवक-युवतींनी पुढे यावे. आठवड्यातून दोन दिवस दिलेत तरी चालेल. नावे पुढील रविवारच्या दुसऱ्या मिस्सापर्यंत कार्यालयात द्यावीत. पाड्यावरून येणारी मुले उपाशीपोटी निघतात, म्हणून वर्गाआधी साडेआठला न्याहारी असेल. ती जबाबदारी महिला मंडळाने घेतली आहे. तांदूळ, पोहे, अंडी, केळी देऊ इच्छिणाऱ्यांनी मंडळाच्या भगिनींना भेटावे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू